व्हेरियंट कोणता आणि अ‍ॅड-ऑन कोणता? ऑनलाइन दुकानाच्या कॅटलॉगची मांडणी

साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला एखादी साडी पसंत पडली की बहुतेक वेळा दोन प्रश्न येतात. पहिला, "यात दुसरा रंग आहे का?" आणि दुसरा, "फॉल-बीडिंग करून मिळेल का?" पहिल्या प्रश्नावर विक्रेता मागच्या कपाटाकडे वळतो आणि तीच साडी दुसऱ्या रंगात काढून समोर पसरतो. दुसऱ्या प्रश्नावर तो कपाटाकडे पाहतसुद्धा नाही. फॉल लावणाऱ्या बाईंकडे किती काम साचले आहे याचा मनाशी अंदाज घेतो आणि "परवा मिळेल" असे सांगतो. हा फरक त्याला कोणी शिकवलेला नसतो. एका प्रश्नाचे उत्तर मालात आहे आणि दुसऱ्याचे कामात, हे त्याला रोजच्या सवयीने ठाऊक असते.

तेच दुकान इंटरनेटवर मांडताना मात्र हा फरक स्वतःहून लिहून द्यावा लागतो, कारण संगणकाला कपाटही दिसत नाही आणि शिलाईकाम करणाऱ्या बाईही दिसत नाहीत. त्याला फक्त नोंदी दिसतात. कोणती निवड म्हणजे वस्तूचे वेगळे रूप, म्हणजे व्हेरियंट, आणि कोणती निवड म्हणजे वस्तूला दिलेली जोड, म्हणजे अ‍ॅड-ऑन, हे कॅटलॉग भरणाऱ्याने ठरवायचे असते. ही वर्गवारी चुकली की साठ्याचा हिशेब, किंमत, शोध, परतावा आणि कर हे सगळेच हळूहळू बिघडत जाते, आणि बिघाडाचे मूळ या मांडणीत आहे हे पुष्कळदा फार उशिरा लक्षात येते.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. कॅटलॉगमध्ये एक मूळ वस्तू असते, उदाहरणार्थ 'नारायणपेठ सुती साडी, रुईफूल काठ'. तिला एक किंवा अधिक पर्याय असतात, जसे रंग. त्या पर्यायातल्या प्रत्येक निवडीचा, म्हणजे मरून, मोरपंखी, आंबा पिवळा यांचा, एकेक व्हेरियंट तयार होतो. दोन पर्याय असतील तर त्यांच्या प्रत्येक जोडीचा एक व्हेरियंट होतो. प्रत्येक व्हेरियंटला स्वतःचा एसकेयू, म्हणजे दुकानाने साठ्याच्या हिशेबासाठी दिलेला सांकेतिक क्रमांक असतो, स्वतःची किंमत असू शकते, स्वतःचे छायाचित्र असावे लागते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वतःची शिल्लक असते. मूळ वस्तू प्रत्यक्षात कधीच विकली जात नाही. विकला जातो तो तिचा व्हेरियंट. अ‍ॅमेझॉनच्या रचनेत हे अगदी उघड दिसते, कारण तिथली 'पेरेंट' नोंद खरेदीच करता येत नाही. ती केवळ 'चाइल्ड' नोंदींना एकत्र बांधून ठेवणारी दोरी असते.

व्हेरियंट ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो : या निवडीसाठी कपाटात वेगळी थप्पी लागते का? मरून साड्यांची थप्पी वेगळी आणि मोरपंखी साड्यांची वेगळी, म्हणून रंग हा व्हेरियंट. 'फॉल लावलेल्या' साड्यांची मात्र वेगळी थप्पी नसते. साडी त्याच मरून थप्पीतून निघते आणि मग तिच्यावर काम होते, म्हणून फॉल-बीडिंग हे अ‍ॅड-ऑन. साडीला गोंडे लावणे, ब्लाउज शिवून देणे, भेट म्हणून बांधून देणे या साऱ्यांना हाच नियम लागू पडतो. उलट एखादा दुकानदार खरोखरच शे-दोनशे साड्यांना आधीच फॉल लावून त्या वेगळ्या रचून ठेवत असेल, तर त्याच्यापुरता 'फॉलसह' हा व्हेरियंटच आहे. म्हणजे उत्तर निवडीच्या नावावरून ठरत नाही, दुकानातले काम प्रत्यक्षात कसे चालते त्यावरून ठरते. त्यामुळे कॅटलॉग भरण्यापूर्वी तासभर गोदामात उभे राहावे, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

हा नियम मोडल्यावर काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. एका दुकानाच्या कॅटलॉगचे काम माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी एकाच साडीला प्रत्येक रंगात तीन व्हेरियंट केले होते : नुसती साडी, फॉलसह साडी, आणि फॉल व शिवलेल्या ब्लाउजसह साडी. कपाटात मरून रंगाच्या तीन साड्या होत्या आणि नोंद करणाऱ्याने तिन्ही ओळींपुढे प्रामाणिकपणे ३ हा आकडा लिहिला होता. संगणकाच्या लेखी मरून साड्या नऊ झाल्या. दिवाळीच्या आठवड्यात त्यांतल्या पाच विकल्या गेल्या. पहिल्या तीन साड्या बांधून झाल्यावर कामावरच्या मुलीने थप्पी दोनदा मोजली, शेजारच्या थप्प्यांत एखादी चुकून गेली आहे का ते पाहिले, आणि मग पाडव्याच्या आदल्या दिवशी दोन ग्राहकांना दूरध्वनी करून नकार कळवावा लागला. त्यांपैकी एकीने ब्लाउजचे मापही पाठवलेले होते. चूक मुलीची नव्हती आणि संगणकाचीही नव्हती. तिन्ही ओळी एकाच थप्पीकडे बोट दाखवत होत्या, पण ही गोष्ट कॅटलॉगमध्ये कुठेच लिहिलेली नव्हती.

याला दुसरी बाजू गणिताची आहे. व्हेरियंट गुणाकाराने वाढतात आणि अ‍ॅड-ऑन बेरजेने. सहा रंगांच्या साडीला फॉल हवा-नको, ब्लाउज शिवायचा-नाही, गोंडे हवेत-नकोत आणि भेटीचे वेष्टन हवे-नको अशा चार निवडी व्हेरियंट म्हणून जोडल्या, तर ६ × २ × २ × २ × २ म्हणजे ९६ ओळी होतात. त्यात शिवलेल्या ब्लाउजची ३२ ते ४४ अशी सात मापे घातली, तर ब्लाउजच्या निवडी दोनाऐवजी आठ होतात आणि ओळींची संख्या ३८४ वर जाते. एका साडीची ही स्थिती असेल, तर दोनशे साड्यांच्या दुकानात किंमत बदलण्याच्या दिवशी काय होईल याची कल्पना करावी. तेच योग्य रीतीने मांडले, तर सहा व्हेरियंट आणि चार अ‍ॅड-ऑन अशा दहाच नोंदी लागतात आणि ती चार अ‍ॅड-ऑन इतर सर्व साड्यांनाही तशीच जोडता येतात. फॉलचा दर वाढला की एकाच जागी बदलायचा. ऑनलाइन दुकान उभारण्याच्या शॉपिफाय या प्रणालीवर अनेक वर्षे एका वस्तूला जास्तीत जास्त १०० व्हेरियंट आणि तीन पर्याय अशी मर्यादा होती. आता व्हेरियंटची मर्यादा २,०४८ पर्यंत वाढली असली तरी पर्याय तीनच राहिले आहेत. ही मर्यादा वाढल्याचा आनंद अनेकांना झाला, परंतु माझ्या मते जिथे शंभर ओळीही अपुऱ्या पडतात, तिथे मर्यादेपेक्षा आधी मांडणी तपासावी.

अ‍ॅड-ऑनही सगळे एका जातीचे नसतात आणि त्यांच्यातला भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे. फॉल-बीडिंग ही सेवा आहे. तिला साठा नाही, पण वेळ लागतो, म्हणून ती निवडताच साडी पोहोचण्याची तारीख पुढे सरकलेली ग्राहकाला दिसली पाहिजे. जुळणारा परकर ही स्वतंत्र वस्तू आहे. त्याला स्वतःचे रंग, स्वतःची मापे आणि स्वतःची थप्पी आहे, त्यामुळे तो कॅटलॉगमध्ये स्वतंत्र वस्तू म्हणूनच असावा आणि साडीच्या पानावर केवळ सुचवला जावा. शिवलेला ब्लाउज ही सेवा असली तरी तिच्यासोबत माहिती येते : छाती, कंबर, बाहीची लांबी, गळा पुढून किती आणि मागून किती. ही मापे म्हणजे पर्याय नव्हेत, तो मजकूर आहे, आणि त्यासाठी भरून घेण्याच्या चौकटी लागतात. भेटीचे वेष्टन साडीला लागू करायचे की संपूर्ण मागणीला, हाही प्रश्न आधीच सोडवावा लागतो, कारण तीन साड्या घेणाऱ्या ग्राहकाला एक खोका हवा आहे की तीन, हे संगणक अंदाजाने ओळखू शकत नाही.

यातली सर्वांत दुर्लक्षित बाब परताव्याची आहे. नुसती साडी न वापरता परत आली तर ती पुन्हा थप्पीत ठेवता येते. फॉल लागलेली आणि काठाला बीडिंग झालेली साडी परत आली, तर ती आता त्या थप्पीची राहिलेली नसते, आणि ब्लाउज पीस कापलेला असेल तर साडी अपुरीच झालेली असते. म्हणून अ‍ॅड-ऑन निवडल्यामुळे परताव्याची अट बदलत असेल, तर ती अट त्या निवडीच्या शेजारी, साध्या शब्दांत, पैसे देण्यापूर्वी दिसली पाहिजे. पानाच्या तळाशी असलेल्या धोरणात ती लिहिली आहे, एवढे पुरेसे नाही. ज्या बाईने हौसेने पहिल्यांदा ऑनलाइन साडी मागवली आहे, तिला फॉलचे दीडशे रुपये देताना परतावा गेला हे नंतर कळावे, हे मला योग्य वाटत नाही.

थप्पीच्या नियमाला काही अपवाद आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. हातमागावरची पैठणी हा पहिला. येवल्याच्या किंवा पैठणच्या एकाच विणकराने विणलेल्या दोन मरून पैठण्या शेजारी ठेवल्या, तरी एकीच्या पदरावर मोर असतात आणि दुसरीच्या पदरावर कमळे असतात, बुट्ट्यांची दाटी वेगळी असते, जरीची झळाळी वेगळी दिसते आणि किमतीत काही हजारांचा फरक पडतो. अस्सल रेशमाची हमी देणाऱ्या सिल्क मार्क लेबलवरसुद्धा प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा असतो. अशा वेळी 'पैठणी' ही मूळ वस्तू धरून तिच्याखाली रंगांचे व्हेरियंट करणे चुकीचे ठरते. तिथे प्रत्येक साडी ही एकच नग असलेली स्वतंत्र वस्तू आहे आणि त्या सर्व पैठण्यांना एकत्र आणण्याचे काम 'पैठणी' या विभागाने आणि रंग, काठ, पदर यांच्या फिल्टरने करायचे आहे. याउलट पैठणी मागणीनुसार विणून देणार असाल, तर थप्पीच नसते. तेव्हा रंगाची निवड ही विणकराला दिलेली सूचना असते, आणि तिच्यामुळे किंमत किंवा मुदत बदलत नसेल तर तिला साठ्याशी बांधण्याचे कारण नाही.

दुसरा अपवाद मसाल्याचा. गोडा मसाला १००, २५० आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांत विकला जातो. पाकिटे आधीच भरून ठेवलेली असतील तर तीन थप्प्या आणि तीन व्हेरियंट, यात अडचण नाही. प्रत्येक पाकिटाला बारकोडही वेगळाच लागतो. परंतु घरगुती उद्योग चालवणाऱ्या अनेक जणी मसाला डब्यात ठेवतात आणि मागणी आली की भरतात. तिथे थप्पी एक आणि मापे तीन अशी स्थिती असते. व्हेरियंट तीनच ठेवावेत, कारण किंमत आणि वजन वेगळे आहे, पण शिल्लक मात्र ग्रॅममध्ये एकाच जागी मोजावी आणि विक्री होताच त्या एका आकड्यातून १००, २५० किंवा ५०० वजा व्हावेत. ही सोय नसलेल्या प्रणालीत काम करायचे असेल, तर रोज सकाळी पाकिटे भरून त्यांचीच शिल्लक नोंदवावी. ते कंटाळवाणे असले तरी खोटी शिल्लक दाखवण्यापेक्षा बरे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार प्रतिएकक किंमतही सांगावी लागते, एक किलोपेक्षा कमी वजनाला प्रतिग्रॅम आणि जास्त वजनाला प्रतिकिलो, आणि ती प्रत्येक व्हेरियंटची वेगळी निघते. ९५ रुपयांचे १०० ग्रॅमचे पाकीट ग्रॅमला ९५ पैसे पडते आणि २२५ रुपयांचे २५० ग्रॅमचे ९० पैसे. हा आकडा मूळ वस्तूवर एकदाच लिहून भागत नाही.

आता 'कशाला एकत्र करू नये' हा प्रश्न. कोल्हापुरी चपलेचे माप आणि रंग हे व्हेरियंट आहेत, यात शंका नाही. पण कापशी आणि पुकरी हे घाट एका नोंदीखाली 'प्रकार' म्हणून टाकावेत का? माझे उत्तर नाही असे आहे. एका घाटाविषयी लिहिलेला अभिप्राय दुसऱ्याला लागू पडत नाही, पायात घातल्यावरचा अनुभव वेगळा असतो आणि वर्णनही वेगळे लिहावे लागते. ज्या दोन गोष्टींचे वर्णन रंग किंवा माप यांचा एखादा शब्द बदलून चालत नाही, त्या दोन वस्तू आहेत. तरीही त्या एकत्र बांधण्याचा मोह होतो, कारण एकत्र बांधलेल्या नोंदींचे तारे आणि अभिप्राय एकत्र दिसतात. या मोहाचे टोक काय असू शकते ते अमेरिकेत दिसले : तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये पूरक आहार विकणाऱ्या बाउंटिफुल कंपनीवर कारवाई केली, कारण कंपनीने नवी उत्पादने अ‍ॅमेझॉनवर जुन्या, खपाच्या उत्पादनांची व्हेरियंट म्हणून दाखवून त्यांचे अभिप्राय आपल्याकडे ओढून घेतले होते. कंपनीला सहा लाख डॉलर भरावे लागले.

शोधयंत्रांनाही ही मांडणी समजावून द्यावी लागते. गूगलच्या मर्चंट सेंटरमध्ये माल नोंदवताना प्रत्येक व्हेरियंटचा 'आयडी' वेगळा आणि सगळ्यांचा 'आयटम ग्रुप आयडी' एक, अशी पद्धत आहे, आणि व्हेरियंट ज्या बाबींत वेगळे असू शकतात त्या बाबीही ठरलेल्या आहेत : रंग, माप, नक्षी, कापड किंवा साहित्य, वयोगट आणि स्त्री-पुरुष हा भेद. या यादीत 'फॉल लावलेली' किंवा 'भेट म्हणून बांधलेली' याला जागा नाही, म्हणजे थप्पीच्या नियमाने जे उत्तर आले तेच इथे वेगळ्या वाटेने येते. पानाच्या आतल्या सांकेतिक माहितीत 'प्रॉडक्टग्रुप' ही संज्ञा वापरून हेच नाते सांगता येते आणि गूगलने २०२४ पासून ते वाचायला सुरुवात केली आहे. प्रत्येक व्हेरियंटचा थेट दुवा असावा, आणि तो उघडल्यावर त्याच रंगाचे छायाचित्र समोर यावे. मोरपंखी साडी शोधत आलेल्या ग्राहकाला आधी मरून साडी दिसली, तर ती बहुधा रंगांच्या गोळ्यांवर बोट ठेवण्याआधीच परत जाते.

वूकॉमर्स ही ऑनलाइन दुकानाची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देतो. तिथे 'ग्रूप्ड प्रॉडक्ट' नावाचा प्रकार आहे आणि नावावरून तो व्हेरियंटसाठी असेल असे वाटते. तसे नाही. त्यात स्वतंत्र वस्तू एका पानावर शेजारी मांडल्या जातात आणि ग्राहक त्यांतल्या हव्या त्या घेतो. रंग आणि माप यांसाठी 'व्हेरिएबल प्रॉडक्ट' हाच प्रकार घ्यावा.

अ‍ॅड-ऑन मांडताना कायद्याचे भान हवे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तेरा फसव्या पद्धती नमूद आहेत, आणि ग्राहकाला न विचारता त्याच्या कार्टमध्ये जादा वस्तू किंवा सेवा टाकणे ही त्यांपैकी एक आहे. सुरुवातीला किंमत कमी दाखवून शेवटी आकार चढवत नेणे ही दुसरी. त्यामुळे फॉल-बीडिंगची चौकट रिकामी असावी, तिच्यासमोर पूर्ण दर लिहिलेला असावा आणि खूण करताच एकूण रक्कम त्याच क्षणी बदलावी.

कराच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, वस्तू व सेवा करात स्वाभाविकपणे एकमेकींसोबत येणाऱ्या गोष्टींना मुख्य वस्तूचा दर लागतो, तर केवळ एका किमतीत एकत्र बांधलेल्या निरनिराळ्या गोष्टींच्या संचाला त्यांतला सर्वांत जास्त दर लागतो. म्हणून दिवाळीचा भेटसंच तयार करताना आपल्या सीएंशी आधी बोलावे. दुसरी गोष्ट अधिक सहज निसटते. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांना ५ टक्के आणि त्यावरील पादत्राणांना १८ टक्के कर आहे. एकाच कोल्हापुरीचा साधा व्हेरियंट २,४०० चा आणि बारीक वेणीकामाचा २,७०० चा असेल, तर दोघांचे दर वेगळे होतात. कराची नोंद मूळ वस्तूवर न ठेवता व्हेरियंटवर ठेवावी, ती यासाठी.

चुकीची मांडणी दुरुस्त करायला घेताना जुन्या ओळी पुसून टाकू नयेत. वर सांगितलेल्या दुकानात आम्ही प्रत्येक रंगाची एक ओळ ठेवली, बाकीच्या दोन विक्रीतून काढल्या पण नोंदीत राहू दिल्या, कारण जुनी बिले आणि परतावे त्या एसकेयूंकडेच निर्देश करत होते. बंद ओळींचे जुने दुवे त्या त्या रंगाच्या चालू ओळीकडे वळवले. नवे एसकेयू देताना त्यांत मालाचीच माहिती ठेवली, म्हणजे वीण, काठ आणि रंग, आणि फॉल किंवा ब्लाउजचा उल्लेख त्यांतून काढून टाकला. शेवटी एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर दोघांनी मिळून प्रत्येक थप्पी मोजली, एकाने आकडा मोठ्याने सांगितला आणि दुसऱ्याने तो पडद्यावरच्या एकाच ओळीत भरला.